‘झाशीच्या राणीचा खरा फोटो’ पाठवणाऱ्यांसाठी

जून उजाडला की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो फोटो येतोच. खाली मजकूर असा: ‘झाशीच्या राणीचा एकमेव खरा फोटो. कोलकात्याच्या हॉफमन या फोटोग्राफरनं १८५० साली काढला. मूळ प्रत लंडनच्या म्युझियममध्ये. इंग्रजांनी इतकी वर्षं दडवून ठेवला होता. प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा.’ यंदा शहापूरच्या काकांनी पाठवला आणि मंडळाच्या फ्लेक्सवर हाच घ्यायचं ठरू लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आपल्याच बाजूची एक चूक. ग्रुपवर एका मुलानं लगेच विचारलं, ‘तेव्हा कॅमेरा कुठं होता?’ होता की! दागेर या फ्रेंच माणसाची, पत्र्यावर फोटो उमटवण्याची कृती पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी कोलकात्यात तिच्या साहित्याच्या जाहिराती आल्या. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५५ मध्ये मुंबई सरकारनं कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळेच्या इमारतींचे फोटो काढायला धाडलं. म्हणजे आपण शाळेच्या सहलीला जिथं गेलो, तिथं १८५७ च्या आधीच कागदी निगेटिव्ह घेऊन एक माणूस फिरत होता. हे मला फार मोलाचं वाटतं, म्हणून ‘कॅमेराच नव्हता’ हे उत्तर मला चालत नाही.

आता हॉफमन. कोलकात्याची ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ ही नामांकित फोटो कंपनी सुरू झाली १८८० च्या दशकात. राणी धारातीर्थी पडल्या जून १८५८ मध्ये. मधली वीस-पंचवीस वर्षं कुठं घालवायची?

सालाचंही तेच. १८५० मध्ये गंगाधरराव हयात होते. ते वारले नोव्हेंबर १८५३ मध्ये. झाशी खालसा होणं, लढाई, हे सगळं त्यानंतरचं. आणि तेव्हा देशात प्रवासी रेल्वेही नव्हती, पहिली प्रवासी गाडी धावली १८५३ मध्ये. कोलकात्याहून झाशीपर्यंत पारा, आयोडीन नि चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे बैलगाडीतून न्यावे लागले असते. हो, पत्रे. १८५० च्या सुमारास बहुतेक फोटो दागेरच्या कृतीनं पत्र्यावरच उमटायचे. एकच प्रत, आरशासारखी, तिरपी धरली तरच चेहरा दिसणार. असा पत्रा खरोखर हाती आला असता, तर त्या मजकुरात आधी त्याचंच कौतुक आलं असतं.

राणींना जवळून पाहणाऱ्याचं वर्णन मात्र आहे. जॉन लँग हा वकील १८५४ मध्ये झाशीला गेला होता. राणी पडद्याआड बसल्या होत्या. दत्तक मुलानं पडदा सरकवला, तेवढ्या क्षणात त्यानं जे पाहिलं ते लिहून ठेवलं: अंगावर साधी पांढरी मलमल, आणि कानांतल्या सोन्याच्या दागिन्यांशिवाय एकही दागिना नाही. ग्रुपवरची बाई नखशिखान्त मढलेली आहे. आणि गेल्या वर्षी याच मजकुराखाली आलेली बाई तर वेगळीच होती. दोन्ही जपून ठेवलेत, कुणालाही दाखवीन.

‘लंडनचं म्युझियम’ म्हणजे नेमकं कुठलं? तिथलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८५२ पासून फोटो जमवतंय. म्युझियममधल्या प्रत्येक वस्तूला नोंदणी क्रमांक असतो, बरोबर माप, फोटो कुठल्या पद्धतीचा, कुठून आला हे लिहिलेलं असतं. आमच्या आत्याकडे आजीचा एक फोटो आहे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. कडेला चांदी वर आलीय. उजेडात तिरपा धरला की काळ्या भागावर निळसर झाक मारते. मागे स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांच्या हातचं मोडीतलं नाव. आमच्या घरच्या फोटोलासुद्धा इतका पुरावा आहे. मग राणींच्या फोटोचा साधा क्रमांक कुणी का सांगू नये?

दडवण्याचं म्हणाल, तर इंग्रजांनी १८५८ मध्ये कैदेतल्या बहादूरशहा जफरचा फोटो काढला, आणि तो आज जगभर छापलेला दिसतो. हरलेल्या शत्रूचा फोटो ते दडवत नव्हते.

काका, तुमचा हेतू मला कळतो. शिवजयंतीच्या चित्ररथावर घोड्यावर बसलेली राणी पाहून मीही लहानपणी रडले आहे. तांब्यांची मनू ती, आपल्या घरातली. म्हणूनच तिच्या नावाखाली भलत्याच बाईचा चेहरा नको. त्या अनोळखी बाईलाही स्वतःचं नाव होतं की. फ्लेक्सचं काम अजून छपाईला गेलेलं नाही, मी विचारून आले. राणींचं चांगलं चित्र घेऊया आणि खाली ‘चित्र’ असंच लिहूया. ‘खरा फोटो’ ही ओळ तेवढी आज रात्रीपर्यंत काढायला सांगा.