वखारी पाडून मॉल बांधा म्हणणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे. निपाणीच्या जुन्या पेठेतल्या बंद तंबाखू वखारी न पाडता तिथं दुकानं, कारागिरांच्या जागा आणि घरं करावीत, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, "व्यापाऱ्यांच्या वखारी, कसला आलाय वारसा? अंधाऱ्या कोंदट जागेत राहणार कोण? मुंबईनं गिरण्या पाडल्याच की. मॉल बांधा, खाली पार्किंग करा."

आधी मुंबई. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. 1991 च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीची तीन हिश्श्यांत वाटणी ठरली: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. 2001 च्या दुरुस्तीनं ही वाटणी आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. जिथं शेड उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. मॉल आले, टॉवर आले, कामगार सोडतीच्या रांगेत राहिला. निपाणीत मॉल आला तरी मोठ्या खरेदीला माणूस कोल्हापूर नाहीतर बेळगावच गाठणार. तालुक्याच्या गावांत कुलपं लागलेले गाळे काय कमी आहेत?

व्यापाऱ्यांच्या वखारी, हे खरंच. पण 1981 साली ज्या तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसला, तो माल या वखारींतच यायचा. तो निवडायला-चाळायला बायका धुळीत बसायच्या. त्यांच्या लेकी-सुनांना तिथं गाळा मिळाला, तर मला वारशावर भाषण द्यायची गरज नाही.

कोंदटपणाचं मात्र तुम्ही नेमकं पकडलंय. वखार माल ठेवायला बांधतात. आत खोलवर उजेड जात नाही आणि जुन्या गिलाव्यात तंबाखूचा वास मुरलेला असतो. नुसता रंग मारून तिथं कुणाला राहायला पाठवू नये. गिलावा खरवडून नव्यानं चुन्याचा करावा लागेल. मधल्या एक-दोन खणांची कौलं उतरवली की आत चौक मिळतो, वाड्यात असतो तसाच. रस्त्याच्या अंगाला दुकानं, चौकाभोवती शिलाई, सुतारकाम, शिकवण्या. घरं मागच्या आवारात नवी बांधावीत, दोनच मजली. दुकानाच्या माडीवर बिऱ्हाड हे आपल्या पेठांना नवं नाही. माणसं मुक्कामाला असली की रात्री आठनंतरही गल्लीला जाग राहते.

पार्किंग पेठेच्या कडेला करा. दुकानांच्या जागी गाड्या लावल्या, तर गिऱ्हाईक उतरून जाणार कुठं?

खरी अडचण उताऱ्यावर आहे. एकेका वखारीला इतके वारस, की दुरुस्तीची सही कुणीच करत नाही. विकायचा विषय निघाला की लगेच भांडण. म्हणून मालकी तशीच ठेवून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर द्याव्यात, असं मला वाटतं. तेही जमेपर्यंत निदान मृगाआधी शाकारणी करून घ्या. तुळया एकदा कुजल्या की तुम्हाला पाडा म्हणायचीही गरज उरणार नाही.