उपाशी पोरं की धाकटी पोरं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सोळाव्या-सतराव्या शतकात वेल्समधून ब्रिस्टल-लंडनला उमेदवारी करायला, म्हणजे मालकाकडे राहून धंदा शिकायला, गेलेल्या मुलांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की ही उपाशी पोरं होती, उमेदवारी म्हणजे सात वर्षांची वेठबिगारी, आणि मिडलटन बंधूंची नावं घेऊन मी तिला सोन्याचा मुलामा दिला.

मिडलटनांचं मान्य. ह्यू सोनाराकडे शिकला, 1613 मध्ये त्याने न्यू रिव्हर नावाच्या कालव्याने लंडनला पाणी आणलं आणि त्याच वर्षी भाऊ टॉमस लंडनचा लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर झाला. पण त्यांचे वडील वेल्समधल्या डेन्बीच्या किल्ल्याचे अधिकारी, म्हणजे ही पोरं खात्यापित्या घरची! उदाहरण चुकलंच.

'उपाशी' मात्र पटत नाही. खरी गोम जमिनीत आहे. वेल्समध्ये पूर्वी बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जायची. 1543 च्या कायद्याने ती वाटणी बंद केली आणि सगळं थोरल्याकडे जाऊ लागलं. धाकट्यांनी काय करायचं? (आपल्याकडची भाऊबंदकी वाटणीवरून पेटते, इथे वाटणीच गेली.) शिवाय चांगल्या धंद्यात शिरायला मालकाला आधी पैसे मोजावे लागत, ओळखीपाळखीही लागत. 1563 च्या कायद्याने तर बऱ्याच शहरांत सोनार, कापडवाले असल्या धंद्यांसाठी बापाची वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची जमीन असण्याची अट घातली. खरंच उपाशी असलेल्याला हे दार उघडं नव्हतं.

आता वेठ. पगार नाही, लग्नाला बंदी, जुगार-दारूला बंदी, मालकाची छडी. हे सगळं होतं. पण मालकाने जेवण, राहणं आणि कसब द्यायचं, हेही त्याच करारात लिहिलेलं असे. एकाच चर्मपत्रावर दोन प्रती लिहून मधून दातेरी कापत, म्हणजे खोटी प्रत जुळायचीच नाही. वेठीला धरलेल्याच्या हातात असा कागद कोण देतो? आणि लंडनमध्ये निम्म्याहून जास्त मुलं मुदत पुरी करतच नसत. काही मरत, काही पळत, काही पुरेसं शिकून गावी परतत. तुमचा 'वेठबिगारी' हा शब्द 1601 च्या गरीब-कायद्याखाली गावाने परस्पर मालकाकडे बांधून दिलेल्या अनाथ-गरीब मुलांना चपखल बसतो. त्यांच्यावर मी एक ओळही लिहिली नव्हती, ती उणीव माझी.

लेख सुधारताना सुरुवात टॉमस जोन्सपासून करेन. वेल्समधल्या कॉर्वेनजवळच्या शिंप्याचा हा मुलगा 1666 मध्ये, अठराव्या वर्षी शिंपीकामासाठी लंडनला गेला, पुढे पुस्तकांच्या धंद्यात शिरला आणि 1680 पासून वेल्श भाषेत पंचांग छापू लागला.