दंडाचा डबा

दर वर्षी २५ डिसेंबरच्या रात्री जेवणे लवकर आटोपून आम्ही सगळे ‘होम अलोन’ पाहायला बसतो. नाताळशी आमचा संबंध बेकरीतल्या प्लम केकपुरताच असला, तरी मुले लहान असताना हा जो पायंडा पडला तो पडलाच. यंदा मात्र चित्रपट सुरू होण्यापूर्वी कन्येने श्रीखंडाचा एक रिकामा डबा टीपॉयवर आणून ठेवला आणि चित्रपट संपेपर्यंत जो कोणी मध्ये बोलेल त्याने दर वेळी त्यात दहा रुपये टाकायचे, असा नियम जाहीर केला. ‘जो कोणी’ म्हणजे कोण, हे विचारण्याची गरज नव्हती, कारण सगळे माझ्याकडेच पाहत होते. आजीला दंड माफ होता.

माझी बाजू थोडक्यात अशी. १९९० सालचा हा चित्रपट मी पहिल्यांदा केबलवर पाहिला, तेव्हा मला त्यात एवढेच दिसले होते की, घरचे लोक आठ वर्षांच्या केविनला विसरून पॅरिसला जातात आणि तो इस्त्री, रंगाचे डबे आणि झाडावर टांगायचे काचेचे गोळे एवढ्या सामग्रीवर दोन चोरांना पुरून उरतो. पुढे कित्येक वर्षे मी शेवटच्या त्या हाणामारीचीच वाट पाहत असे. आता चोर जिन्यावरून घसरू लागले की मला डुलकी येते आणि पहिल्या वीस मिनिटांत मात्र माझी पापणी लवत नाही. कारण पंधरा माणसे सकाळी प्रवासाला निघायची आहेत, बॅगा जिन्यात पडल्या आहेत, मुले एकमेकांच्या उरावर बसली आहेत आणि दारात आलेल्या पोलिसाकडे लक्ष द्यायला एकालाही सवड नाही, हे पाहताना मला शिकागोजवळचे ते घर दिसतच नाही, आमची जेजुरीला निघण्याची आदली रात्र दिसते.

पहिला दंड मला स्वयंपाकघरातल्या प्रसंगाने झाला. पिझ्झावरून भावाभावांत जुंपते, दूध सांडते, पेप्सी सांडते, टेबलावरचे पासपोर्ट भिजू लागतात आणि केविनचे वडील कागदी रुमालांनी ते सगळे घाईघाईने टिपून ओला बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकतात. त्या बोळ्याबरोबर केविनचे तिकीटही जाते! जेमतेम क्षणभर दिसते, पण दिसते. सकाळी विमानतळावर हातात एक तिकीट जास्त कसे उरले नाही, या प्रश्नाने मला वीस वर्षे छळले होते आणि त्याचे उत्तर त्या ओल्या बोळ्यात होते. “थांबव!” मी ओरडलो. दहा रुपये. “जरा मागे घे.” आणखी दहा.

फ्रँककाकांच्या वेळी मी जीभ आवरली. दहा पिझ्झांचे बिल १२२ डॉलर ५० सेंट होते आणि हे गृहस्थ खिशाला हात म्हणून लावत नाहीत. असा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो आणि आमच्याकडच्याचे नाव मी इथे लिहिणार नाही, पण सौभाग्यवतींनी त्याच क्षणी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यात ते नाव स्पष्ट उमटले होते. पुढे पेप्सी पिणारा चष्मेवाला चुलतभाऊ आला, तेव्हा मात्र हा केविनचे काम करणाऱ्या मुलाचा सख्खा भाऊ असून त्याला २०२५ साली ऑस्कर मिळाले, ही माहिती दहा रुपयांत स्वस्त आहे असे समजून मी ती देऊन टाकली. सौभाग्यवतींनाही शेवटी राहवले नाही. “अहो, पडदे लाल, भिंतीचा कागद हिरवा, जिकडे बघावे तिकडे लाल-हिरवेच आहे की! इतकी वर्षे कसे लक्षात आले नाही?” असे म्हणून त्यांनी माझ्याच पाकिटातून दहा रुपये काढले. रात्रीच्या वादळात टेलिफोनच्या तारा तुटल्या असताना केविनने पिझ्झा मागवला तो कोणत्या फोनवरून, हा चिरंजीवांचा प्रश्न होता, आणि त्याच्यावर मी दिलेल्या तीन उत्तरांचे तीस रुपये झाले. त्या पिझ्झावाल्याला पळवून लावणारा बंदूकधाऱ्याचा कृष्णधवल चित्रपट खरा नसून याच्यासाठी मुद्दाम चित्रित केलेला तुकडा आहे, हे कळल्याला मला फार दिवस झालेले नाहीत. तारुण्यात मी सीडी लायब्ररीत त्याची चौकशी केली होती, ही गोष्ट मी फुकटातही सांगितली नसती.

आईचे मात्र वेगळेच. तिला इंग्रजी कळत नाही आणि त्यामुळेच तिच्या नजरेतून काही सुटत नाही. गाडीत बसताना मुलांची डोकी मोजली जातात, त्यात केविनऐवजी शेजारचे एक आगाऊ पोर पाठमोरे मोजले जाते, हे या घरात सर्वांत आधी तिनेच पकडले होते. यंदा ती शांतपणे वाती वळत बसली होती. चोर रात्री नऊ वाजता येणार, म्हणून केविन घरभर सापळे लावतो, मग मेणबत्त्या लावलेल्या टेबलाशी एकटाच बसतो, हात जोडून प्रार्थना म्हणतो, समोरच्या मॅकरोनीकडे वळतो आणि एवढ्यात घड्याळाचे टोले पडतात. तो उठतो. आईच्या हातातली वात तशीच राहिली.

“अरे, जेवला नाही तो,” ती म्हणाली.

मी तो प्रसंग किमान पंचवीस वेळा पाहिला असेन. तो जेवत नाही, हे मी कधीही पाहिले नव्हते.

“भरल्या ताटावरून उठला. सकाळपासून खपतंय पोर. चोरांना काय, दहा मिनिटं थांबता आलं असतं.”

त्यानंतर तप्त मुठीने हात भाजला, टक्कल पेटले, अनवाणी पायाखाली काच आली, तरी आमच्यापैकी कोणीही मनापासून हसले नाही. आई मधूनमधून “आता तरी काही खाल्लं का त्यानं?” एवढेच विचारत होती आणि आम्ही खाली मान घालून “नाही” म्हणत होतो. कन्येलाही या ‘नाही’चा दंड वसूल करण्याचे धैर्य झाले नाही. पिसे, डांबर आणि रंग यांनी माखलेले ते घर हा उपाशी मुलगा एका रात्रीत लखलखीत कसे करतो, हा माझा पुढचा आक्षेप होता, कारण आमच्याकडे फराळाच्या तळणानंतर ओटा पूर्ववत व्हायला दोन दिवस लागतात. पण आईची मनःस्थिती पाहून तो मी गिळला.

शेवटी सकाळी बर्फात शेजारचे म्हातारे मार्ली आपल्या नातीला उचलून घेतात आणि केविन ते खिडकीतून पाहतो, तिथे मी दर वर्षी रडतो. चष्मा काढला, केकच्या बशीतल्या कागदी रुमालांपैकी एक घेऊन डोळे टिपले आणि कोणाला दिसू नये म्हणून बशा गोळा करून अंधारातच स्वयंपाकघरात गेलो. परत आलो, तर पडद्यावर नावे धावत होती आणि मला त्यातले एकही अक्षर लागत नव्हते.

मी कपाळ चाचपले, उशा उचलल्या, सोफ्याच्या फटीत हात घातला. “चष्मा पाहिला का कोणी?” असे विचारले आणि निमूटपणे दहा रुपये टाकले. कोणीही उत्तर दिले नाही. शेवटचे नाव जाईपर्यंत चित्रपट संपला असे म्हणायचे नाही, हा या घरातला जुना नियम आहे आणि तो मीच केलेला आहे.

कन्येने स्वतःच्या पर्समधून दहाचे नाणे काढले आणि ते डब्यात खणकन टाकले.

“बाबा,” ती म्हणाली, “कचऱ्याच्या डब्यात बघा. रुमालांबरोबर गेलाय.”