चर्चा ऑटिझमवर, आणि स्टेजवर ऑटिस्टिक कुणीच नाही

सकाळी व्हॉट्सॲपवर एका परिसंवादाची पत्रिका आली. विषय: 'ऑटिझम (स्वमग्नता) आणि नैतिक प्रश्न'. वक्ते दोन डॉक्टर, एक वकील, एक समुपदेशक, एक पालक. आणि ऑटिस्टिक माणूस? आहे ना, सुरुवातीला स्वागतगीत म्हणायला! डोकंच फिरलं माझं.

माझा दादा तिशीतला, ऑटिस्टिक. मागे कसल्याशा जनुकीय संशोधनासाठी रक्ताचा नमुना घ्यायला घरी माणूस आला होता. फॉर्म ठेवला आईपुढे. आई सही करणार तेवढ्यात दादा म्हणाला, "रक्त किती वर्षं ठेवणार? नंतर मी नको म्हटलं तर?" त्या माणसाने उत्तर दिलं, पण आईकडे बघून. रक्त दादाचं, प्रश्न दादाचा. मी एवढी शिकलेली तिथेच बसले होते, मला नाही सुचला तो प्रश्न.

२०२१ मध्ये ब्रिटनमध्ये 'स्पेक्ट्रम टेन के' प्रकल्प जाहीर झाला. केंब्रिज विद्यापीठातले ऑटिझम-संशोधक सायमन बॅरन-कोहेन प्रमुख, दहा हजार ऑटिस्टिक लोकांचे डीएनए नमुने गोळा करायचे होते. तिथल्या ऑटिस्टिक लोकांनी हेच विचारलं: आमची माहिती पुढे कुणाच्या हाती जाणार? उद्या गर्भातच तपासून आम्हाला नको ठरवणार का? संशोधक म्हणाले, आमचा तसा हेतू नाही. तरी काही आठवड्यांत काम थांबवावं लागलं. आधीच नीट विचारलं असतं तर?

आपल्याकडे तर कायदाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ६ वाचा. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिची स्वतःची संमती हवी, ती पण तिला समजेल अशा पद्धतीने घेतलेली. वर परवानगी देणाऱ्या समितीत निम्मे तरी सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे हवेत. त्या फॉर्मवर दादाच्या सहीला जागाच नव्हती.

हो, काही जण अजिबात बोलत नाहीत, त्यांच्या आईवडिलांना रात्र रात्र झोप नसते, मान्य. पालकांनी बोलावंच. आईवर तर माझा काडीचा राग नाही, इतकी वर्षं सगळ्या सह्या तिच्याच गळ्यात पडल्यात.

पण आयोजकांना फोन केला तर म्हणे, "त्यांना स्टेजवर त्रास होईल हो ताई." गाताना नाही होत वाटतं?

दादाला विचारलं, बोलावलं तर जाशील? म्हणाला, प्रश्न आधी लेखी पाठवा, टाळ्या नकोत, आणि जेवण किती वाजता ते सांगा. आयोजकांना तसंच्या तसं पाठवलंय. निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.