बेगुनकोदरचं भूत आणि थांबा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, पश्चिम बंगालमधल्या बेगुनकोदर रेल्वे स्टेशनवरच्या माझ्या लेखाला प्रतिक्रिया एवढी सविस्तर लिहिलीत म्हणून माझं उत्तरही जरा लांबणारे. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बेगुनकोदर सगळीकडे भुताचं स्टेशन म्हणून फेमस आहे आणि मी भुताला चार ओळींत गुंडाळून अर्ज, कमिटी, तिकीट असली रटाळ माहिती भरली. दुसरं म्हणजे जिथे मोजक्या पॅसेंजर थांबतात आणि रेल्वेचा साधा एक माणूस नाही, त्या स्टेशनचं कौतुक कशाला, त्यापेक्षा भूत राहू द्यावं, निदान टुरिस्ट तरी येतील.

आधी माझी चूक. ‘बेगुनकोदर गावातलं स्टेशन’ असं मी लिहिलं होतं ते बरोबर नाही. स्टेशन बामनिया गावाजवळ आहे, बेगुनकोदर गाव तिथून काही किलोमीटर लांब. हे तुम्ही दाखवलंत ते बरं केलंत.

आता भूत. ते मी मुद्दामच कमी ठेवलं. पश्चिम बंगालचा पुरुलिया जिल्हा, झालिदा आणि कोटशिला यांच्या मधलं हे छोटं स्टेशन 1960 साली सुरू झालं, म्हणजे आपलं महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, आणि 1967 ला बंद पडलं. सात वर्षं फक्त! रुळांवरून पांढऱ्या साडीतली बाई चालत जाते, ती बघून स्टेशन मास्तर वारले, ही कथा पसरली आणि मग तिथे ड्यूटीला कोणी जाईना, गाड्या थांबेनात, लोक म्हणे डब्याच्या खिडक्या लावून घ्यायचे. पण त्याच भागातले तेव्हाचे खासदार बासुदेब आचार्य, जे संसदेच्या रेल्वे समितीवर होते, त्यांचं म्हणणं असं होतं की कर्मचाऱ्यांना तिथे पोस्टिंग नको होतं म्हणून ही गोष्ट रचली गेली. मला हे पटतं. साठचं दशक, आजूबाजूला माळ आणि जंगल, रात्रभर एकट्याने ड्यूटी, बायकापोरं आणायची तर ना शाळा ना दवाखाना, अशा ठिकाणाहून माणसाला सुटावंसं वाटणारच हो, आणि ‘मला जायचं नाही’ असं अर्जात लिहिता येत नाही, भुताचं नाव मात्र सांगता येतं. त्या माणसांवर माझा राग नाही. पण त्यांच्या सुटकेची किंमत आजूबाजूच्या गावांनी 42 वर्षं मोजली, ती मला सांगायची होती.

42 वर्षं म्हणजे काय याचा जरा विचार करा. गाडी रोज डोळ्यांसमोरून जाते, शिट्टी ऐकू येते, आणि बसायचं तर झालिदा नाहीतर कोटशिला गाठायचं. पुरुलिया हा कोरडवाहू, खडकाळ भाग, तिथली माणसं भाताच्या हंगामात बर्धमानकडे मजुरीला जातात, त्याला तिकडे ‘नामाल’ जाणं म्हणतात, जसे आपल्याकडे बीडचे ऊसतोडीला जातात तसंच. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, आणि आपलं स्टेशन भुताचं म्हणून पुढच्या स्टेशनला जायचं. त्या बाईला भुताची मजा वाटत असेल का?

तुम्ही ज्याला रटाळ म्हणालात ती कमिटी मला तरी या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटते. स्टेशन परत सुरू व्हावं म्हणून 1990 च्या दशकाच्या शेवटी गावकऱ्यांनी ती केली, अधिकाऱ्यांकडे जात राहिले, पुढे नेत्यांना पत्रं लिहिली, आणि 2009 मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना स्टेशन पुन्हा उघडलं. आपला भुताबितावर विश्वास नाही हे ममतांनी उघड सांगितलं होतं.

रेल्वेचा माणूस नाही म्हणालात, तर ते हॉल्ट स्टेशन आहे. हॉल्टवर सिग्नल-पॉइंट सांभाळायचे नसतात म्हणून स्टेशन मास्तर लागत नाही, तिकिटं खाजगी एजंट कमिशनवर विकतो. महाराष्ट्रातही असे हॉल्ट आहेत, त्यांना कोणी भुताचं म्हणत नाही. आणि खर्चाचं बोलाल तर एक फलाट, एक खोली, पॅसेंजरची दोन मिनिटं, बस्स.

टुरिस्टांचं तर उलटंच आहे. 2017 च्या डिसेंबरमध्ये पश्चिम बंग विज्ञान मंचाच्या लोकांनी पोलिसांना सोबत घेऊन तिथे रात्र काढली, आपल्याकडे अंनिसचे कार्यकर्ते अमावस्येला स्मशानात जातात ना, तसंच. भूत काही दिसलं नाही, झुडपाआड लपून लोकांना घाबरवणारी माणसं मात्र सापडली. भूत बघायला येणारा रात्री येतो, फोटो काढतो, कारने परत जातो, तो तिकीट घेत नाही. आणि हॉल्ट टिकतो तो तिकिटांवर. उलट तीच गोष्ट परत परत सांगितल्यामुळे तिथले लोक अंधार पडल्यावर फलाटावर थांबायला कचरतात, म्हणजे जी थोडी सेवा आहे तीही पूर्ण वापरली जात नाही.

मोजक्या गाड्या म्हणजे काहीच नाही असं म्हणू नका हो. मार्च 2020 मध्ये पॅसेंजर बंद झाल्या, नंतर आल्या त्या एक्सप्रेसचं नाव लावून, 10 रुपयांचं तिकीट 30 ला, ते परत 10 वर यायला 2024 उजाडलं. त्या काळात माझ्या आजोळच्या स्टेशनावरचा थांबा गेला होता. आजीला डोळ्यांच्या तपासणीला तालुक्याला न्यायचं तर रिक्षाला चारशे रुपये, मग ती म्हणायची राहू दे, पुढच्या महिन्यात जाऊ. असे किती महिने गेले, मी मोजलेलेत. म्हणून बेगुनकोदरबद्दल लिहिताना माझा हात भुताकडे वळला नाही, वळणारही नाही.

बाकी तुम्ही नागपूरचे आहात हे वाचून बरं वाटलं. पुरुलिया–रांची ही लाइन 1907 मध्ये बंगाल नागपूर रेल्वेनेच टाकली, अडीच फुटी नॅरोगेज, आपल्या बार्शी लाइटची होती त्याच मापाची. त्यावर वेगळं लिहायचं आहे. तुमच्या घरी कोणी बीएनआरमध्ये होतं का? जुने पास, फोटो, काहीही असेल तर नक्की कळवा. बामनियाची दुरुस्ती आज रात्रीच लेखात टाकतो.