‘शिस्त रक्तातच नाही’ म्हणणाऱ्यांना इंदूरहून उत्तर

तो मेसेज दर थोड्या दिवसांनी परत उगवतो. आमच्या राजेंद्र नगरातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर येतो, पुण्याच्या मावसभावाकडून येतो, निवृत्त काकांकडून तर हमखास येतो. वर जर्मनीतल्या रिकाम्या हायवेचा फोटो, खाली कुठल्यातरी आपल्या चौकातली कोंडी. मजकूर थोडक्यात असा: शिस्त रक्तात असावी लागते. जपानी माणूस रात्री दोन वाजता रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबतो, ते त्याचे संस्कार. आपल्याकडे अडाण्यांच्या हाती गाड्या आल्या आणि वाटोळं झालं. तोच भारतीय दुबईत उतरला की सुतासारखा सरळ होतो. इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं, पण ट्रॅफिकमध्ये सुधारणं आपल्या स्वभावात नाही. शेवटी तात्पर्य: कायद्याने काही होत नाही, आधी माणूस बदलायला हवा.

आपण गाड्या वाईट चालवतो, यावर माझा वाद नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली १३,४२७ आपल्या मध्य प्रदेशात. वाद आहे तो कारणावर. रक्ताचा दोष म्हटला की नगर निगम सुटलं, आरटीओ सुटलं, पोलीस सुटले, आणि मेसेजला अंगठ्याची इमोजी देऊन आपणही सुटलो.

जपानपासूनच सुरू करू, कारण मेसेजचा सगळा भार त्याच्यावर आहे. १९७० साली जपानमध्ये रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली, आणि हा आकडा फक्त अपघातानंतर २४ तासांत गेलेल्यांचा. तिथले लोक त्या काळाला ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. मरणाऱ्यांत पायी चालणारे आणि शाळकरी मुलं ढिगाने होती. तेव्हा हे संस्कार कुठे गेले होते? त्याच वर्षी सरकारने वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा केला, मग पंचवार्षिक योजना आखल्या. पदपथ बांधले, कठडे घातले, पादचारी पूल आणि सिग्नल उभे केले. १९७९ पर्यंत मृत्यू निम्म्यावर, ८,४६६ वर आले. पुढे गाड्या वाढल्या, उपाय तोकडे पडले आणि १९८८ साली आकडा पुन्हा दहा हजारांच्या वर गेला. परत कंबर कसली, परत उतरला. २०२२ मध्ये २,६१० होता. रक्तात असलेली गोष्ट अशी खाली-वर होत नाही.

दारूचंही तेच. २००६ साली फुकुओकात दारू प्यायलेल्या चालकाने एका कुटुंबाच्या गाडीला मागून धडक दिली, ती पुलावरून समुद्रात पडली आणि तीन लहान मुलं दगावली. देश हादरला. पुढच्या वर्षी कायदा कडक केला तो असा, की चालकाला दारू पाजणारा, त्याला गाडी देणारा आणि तो प्यायलाय हे ठाऊक असून त्याच्याकडून स्वतःला गाडीने सोडायला लावणारा, सगळे गुन्हेगार. ‘मी तर नुसता बसलो होतो’ ही पळवाटच बंद. आपल्याकडे लग्नाच्या वरातीनंतर गाडीत बसणाऱ्यांपैकी किती जणांना आत टाकावं लागेल, याचा हिशोब करून बघा.

आता शिस्तप्रिय जर्मन. पश्चिम जर्मनीत गाडीच्या पुढच्या सीटवर पट्टा लावणं १९७६ सालीच सक्तीचं झालं, पण दंड ठेवला नव्हता. मग या जन्मजात शिस्तीच्या लोकांनी काय केलं? बऱ्याच जणांनी पट्टा लावलाच नाही. गाडी पेटली तर आत अडकून मरू, सरकार आम्हाला बांधून ठेवायला निघालंय, अशी ओरड झाली. १९८४ च्या ऑगस्टपासून ४० मार्क दंड लागू झाला, आणि पट्टा लावणाऱ्यांचं प्रमाण थोड्याच दिवसांत नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं. हेल्मेटने मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, हे सगळं ज्यांनी ऐकलंय त्यांना ती जर्मन ओरड ओळखीचीच वाटेल.

फ्रान्समधलं एक उदाहरण मला फार आवडतं. दक्षिणेतल्या माझामे नावाच्या गावाची वस्ती साडेसोळा हजारांच्या आसपास होती, आणि देशात वर्षभरात रस्त्यांवर मरणारी माणसंही जवळपास तेवढीच. १७ मे १९७३ रोजी सायरन वाजला आणि गावचे लोक रस्त्यांवर, चौकांत, पदपथांवर आडवे झाले. टीव्हीचे कॅमेरे वरून फिरले. एक अख्खं गाव दरवर्षी मरतं म्हणजे काय, ते देशाने डोळ्यांनी पाहिलं. त्याच उन्हाळ्यात वेगमर्यादा आणि पुढच्या सीटचा पट्टा सक्तीचा झाला. तरीही वेगाने हाकायची खोड पुरती गेली नाही. २००३ साली वेग पकडणारे कॅमेरे बसले, तेव्हा आकडे खऱ्या अर्थाने कोसळले.

अडाण्यांचा मुद्दा लवकर संपतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले. महागडी गाडी, आत सुशिक्षित माणसं. मागच्या सीटवरचे दोघे दगावले, आणि त्या दोघांनीही पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मागे बसल्यावर पट्टा कशाला, हे मी इंदुरात डॉक्टर, प्राध्यापक आणि सीए अशा सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. रिक्षावाला निदान तसं तत्त्वज्ञान सांगत नाही.

फोटोतल्या कोंडीवर मात्र जरा थांबायला हवं. गोंधळ आणि मृत्यू या दोन गोष्टी मेसेजने एकत्र कालवल्या आहेत. राजवाड्यासमोर संध्याकाळी या. ई-रिक्षा, हातगाड्या, ॲक्टिव्हा, त्यांतून वाट काढणारी गाय, सगळे एकाच वेळी हॉर्न वाजवतायत. डोकं उठतं, आरसे घासतात, ‘भिया, देख के’ होतं, पण तिथे माणसं सहसा मरत नाहीत, कारण कुणालाही वेग घेताच येत नाही. माणसं मरतात ती बायपासवर, रात्रीच्या मोकळ्या एबी रोडवर (आग्रा-बॉम्बे रस्त्यावर), देवासकडे जाताना. देशातल्या २०२२ च्या अपघातांपैकी दोन तृतीयांश सरळ रस्त्यांवर झाले, आणि मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांमागे अतिवेग होता. जागतिक आरोग्य संघटनेचं गणित सांगतं की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

उलट बाजूने अमेरिका बघा. लेन सोडत नाहीत, हॉर्न वाजवत नाहीत, पादचाऱ्याला हात करून पुढे जाऊ देतात. आमच्या ग्रुपवरची न्यू जर्सीची ताई हे दर वेळी सांगते आणि खरंच सांगते. त्या अमेरिकेत २०२२ साली ४२,५१४ माणसं रस्त्यांवर मेली. लोकसंख्येच्या हिशोबाने लाखामागे बारा-तेरा. आपला सरकारी आकडाही लाखामागे बाराच्या घरात येतो. त्यांच्याकडे गाड्या कितीतरी जास्त, तेव्हा ही तुलना ताणू नये. पण स्वीडन, जपानसारखे देश लाखामागे दोनच्या आसपास आहेत, आणि सौजन्यात अमेरिकन त्यांच्यापेक्षा सहा पट कमी आहेत असं काही नाही. रुंद वेगवान रस्ते, धिप्पाड गाड्या आणि दारू यांची किंमत ‘थँक यू’ म्हटल्याने कमी होत नाही.

दुबईचा दावा तर मेसेजने स्वतःच्याच पायावर मारलेला धोंडा आहे. तोच माणूस, तेच रक्त, चार तासांच्या विमानप्रवासात सरळ झाला, तर मग दोष रक्ताचा कसा?

इथे मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या पार्किंगच्या पावत्या तपासल्या. संयुक्त राष्ट्रांत आलेल्या या मंडळींना दंड वसुलीपासून संरक्षण होतं. १९९७ ते २००२ या काळात त्यांच्या न भरलेल्या पावत्या दीड लाखांच्या वर गेल्या. स्वीडन, नॉर्वे, जपानच्या अधिकाऱ्यांच्या नावावर जवळपास काहीच नाही, आणि ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त त्यांच्या पावत्यांचा ढीग. म्हणजे घरची सवय सोबत जाते, हे खरं. पण २००२ साली शहराने थकबाकीदारांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली, आणि उल्लंघनं ९८ टक्क्यांनी घसरली. सवय होती, पण जप्तीपुढे टिकली नाही.

आणि इंदूर. आपण २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात पंचविसावे होतो, २०१७ मध्ये पहिले आलो. एका वर्षात इंदूरकरांचं रक्त बदललं का? कचऱ्याच्या पेट्या रस्त्यांवरून उचलल्या, दारात गाडी येऊ लागली, ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवाला घेईना, रस्त्यावर टाकलं तर जागेवर दंड. रात्री झाडणारी यंत्रं, गाड्यांवर जीपीएस, आणि गाडी आली नाही तर तक्रार करायला नंबर. देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर सपाट झाला. आमच्या गल्लीत आधी दंडाची धास्ती आली, मग सोय अंगवळणी पडली, आणि आता पाहुण्याने चहाचा कप खाली टाकला तर शेजारची आजी त्याला उचलायला लावते. अभिमान सगळ्यात शेवटी आला. मेसेजमध्ये तो सगळ्यात आधी मागितलाय.

रस्त्यांच्या बाबतीत यातलं काय केलं? मोठ्या रस्त्यावरचा एखादा डिव्हायडर घ्या. दुकान समोर दिसतंय, पण वळायची जागा लांब पुढे. ॲक्टिव्हावर आजोबा, पुढे नातू उभा, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. त्यांनी क्षणभर पुढे बघितलं, मागे बघितलं आणि गाडी सरळ उलट्या बाजूने घातली. ‘दोनच मिनिटं.’ आजोबांची चूक आहेच, नातवाला असं उभं करणं तर फारच वाईट. पण त्याच ठिकाणी दिवसभर माणसं तसंच करत असतील, तर वळण कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्यालाही कुणीतरी विचारायला हवं ना?

कायद्याची गतही तशीच. २०१९ साली केंद्राने दंड वाढवले, हेल्मेटसाठी हजार रुपये केले. मध्य प्रदेशाने ते लगेच लागू केले नाहीत, गुजरातने कमी करून घेतले. देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घालता मेलेल्या दुचाकीस्वारांची संख्या पन्नास हजारांवर होती, आणि नीट घातलेलं हेल्मेट मृत्यूचा धोका चाळीसेक टक्क्यांनी कमी करतं. ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. पंपावर शेजाऱ्याचं हेल्मेट मागून घेणारे दिसले, एक जण तर दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर घेऊन आला आणि व्हिडिओ देशभर फिरला. त्यावर सगळ्यांनी ‘बघा, आपले लोक!’ म्हटलं. मला त्यात दुसरंच दिसलं: तपासणी फक्त पंपावर आहे हे लोकांनी पहिल्याच दिवसांत ओळखलं होतं. हायकोर्ट चौकात मूनवॉक करत वाहतूक सांभाळणारा पोलीस आपल्याला आवडायचा, आवडावाच. पण चौक शेकडो आहेत आणि तो एकच होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये एअरपोर्ट रोडवर नो-एंट्रीच्या वेळेत शिरलेला ट्रक माणसांना आणि गाड्यांना उडवत बडा गणपतीपर्यंत गेला. चालक दारू प्यायलेला होता. त्याला शिक्षा व्हावीच. पण नो-एंट्रीत ट्रक शिरला तो कुणाच्या तरी समोरून, आणि म्हणूनच काही पोलीस अधिकारी-कर्मचारी निलंबितही झाले. अशा प्रसंगी संस्कारांवर बोलणं म्हणजे त्या नाक्यावर उभं राहणाऱ्याला मोकळं सोडणं.

राहिला ‘आधी माणूस बदला’चा मुद्दा. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ‘शून्य मृत्यू’चं धोरण स्वीकारलं, ते नेमकं उलट गृहीत धरून: माणूस चुकणारच, तेव्हा रस्ता असा करा की चुकीची शिक्षा मृत्यू नसेल. म्हणून चौकांच्या जागी गोलाकार वळणं, दोन दिशांच्या मध्ये तारेचे कठडे, वस्तीत ताशी तीस किलोमीटर.

आपल्याकडे एबी रोडवर २०१३ पासून साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, होती. २०२५ मध्ये हायकोर्टाने ती काढायला मंजुरी दिली. मोकळ्या होणाऱ्या जागेत पायी ओलांडणाऱ्याला मध्ये थांबायला कट्टा असेल का? गीताभवन ते पलासिया सलग पदपथ असेल का, की तिथेही पार्किंग? वळणं किती अंतरावर, आणि रात्री वेग मोजणारे कॅमेरे कुठे? त्या ग्रुपवर आमचे दोन निवृत्त इंजिनिअर आहेत आणि एक माजी पार्षदांचे जावई. या चार प्रश्नांचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सह्या हव्या आहेत.