मुंबई सोडायचीच आहे, पण घाई करू नका

गेली एकोणीस वर्षं मी मुंबई सोडतोय. या विषयातला एवढा अनुभव क्वचितच कुणाकडे असेल, म्हणून चार गोष्टी सांगण्याचा हक्क मी स्वतःकडे घेतो. हल्ली काही नवशिकी मंडळी ‘भाडं परवडत नाही, गर्दी सोसवत नाही, आता गावीच जाऊ’ असं म्हणतात आणि सहा महिन्यांत खरोखर जातात. टेम्पो बोलावतात, गॅसचं कनेक्शन बदलून घेतात आणि जातात. याला उतावळेपणा म्हणतात. मुंबई सोडणं हा रियाज आहे. तो रोज थोडा थोडा, शक्यतो लोकलमध्ये उभ्याने, वर्षानुवर्षं करायचा असतो.

सुरुवात हिशेबाने करा. कागदावर नको, कागद हरवतो आणि मग उगाच निर्णय घ्यावा लागतो. एक्सेलमध्ये करा. डावीकडे मुंबई, उजवीकडे गाव. भाडं किंवा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, पास, दूध, शाळेची फी, वर्षातून दोनदा येणारे ‘फक्त चार दिवसांसाठी आलोय’ म्हणणारे पाहुणे. मग गावाचा रकाना भरा. पगार निम्मा होईल हे प्रामाणिकपणे लिहा. इथवर सगळं ठीक असतं. पण भाड्याच्या जागी शून्य पडला की गावाचा रकाना हळूहळू पुढे सरकायला लागतो. घाबरू नका. एक नवी ओळ टाका आणि तिला नाव द्या ‘संधी’. मुंबईत संधी आहेत. त्यांची किंमत कुणालाच ठाऊक नसल्यामुळे आकडा तुम्हाला हवा तो टाकता येतो. मी २०११ साली दरमहा पंधरा हजारांची संधी धरली होती. महागाईप्रमाणे ती दरवर्षी वाढवत नेतो. पगार तितका वाढलेला नाही, पण संधी व्यवस्थित वाढल्या आहेत.

प्रवासाच्या वेळेची ओळ मात्र चुकूनही घालू नका. मी एकदा कल्याणच्या पुढे गाडी अडकून पडली असताना हा मूर्खपणा केला होता. घरातून ऑफिस आणि ऑफिसातून घर, मिळून साडेतीन तास. वर्षाला २८० दिवस. म्हणजे ९८० तास, म्हणजे वर्षातले जवळजवळ ४१ अख्खे दिवस आणि अख्ख्या रात्री. मी तो आकडा एकोणीसने गुणणार होतो, तेवढ्यात गाडी हलली आणि देवाच्या कृपेने ओळ डिलीट झाली.

आता जागेबद्दल. गावी जमीन गुंठ्यात मोजतात, इथे चौरस फुटात. ही दोन मापं कधीही समोरासमोर आणू नका. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. माझा वन बीएचके ३६० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. संगमेश्वर तालुक्यात आमच्या घराचा नुसता गोठा याहून मोठा आहे, आणि त्यात आता गुरंही नाहीत, काकांची मोडकी सायकल राहते. पूर्वी बिल्डर सुपर बिल्टअप सांगायचे. त्यात जिना, लिफ्ट, वॉचमनच्या खुर्चीखालची फरशी, सगळ्यांत आपला वाटा असायचा आणि माणसाला मालक असल्यासारखं वाटायचं. २०१६ चा रेरा कायदा आला आणि बिल्डरला कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली खरी जागा, सांगणं भाग पडलं. ग्राहकाच्या हिताचे कायदे ग्राहकाला असे उघडे पाडतात.

ज्यांना एका जागी राहून मुंबई सोडणं जमत नाही, त्यांनी माझी पद्धत वापरून पाहावी. मी आधी भांडुपला होतो. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं, मालकाने भाडं वाढवलं, मी कळव्याला गेलो. मी भिंतीला सात खिळे मारले म्हणून तिथल्या मालकाने डिपॉझिटमधून सात हजार कापले. मी वाद घातला नाही, फक्त जाताना खिळे काढून घेतले. ते अजून एका डब्यात आहेत, हजाराला एक असे. मग डोंबिवली, सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर. आणि २०१८ साली वीस वर्षांचं कर्ज काढून बदलापूर, ६८ किलोमीटर. एका फटक्यात वीस किलोमीटरने मुंबई सोडली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. गावी आजही मी मुंबईलाच असतो. याच गतीने सरकत राहिलो तर निवृत्तीपर्यंत कर्जत येईल, आणि पुढच्या पिढीत कुणीतरी घाट चढेल. गाव वेगळ्या दिशेला आहे हे खरं, पण इतक्या बारीक तपशिलात शिरलं तर कुठलीच योजना उभी राहत नाही.

ऑफिस माझं परळला. पूर्वीच्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत आहे, तिच्या चौदाव्या मजल्यावर. याच गिरणीत माझे आजोबा साचा चालवत. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात जण राहायचे. भोंगा झाला की आजोबा निघायचे आणि दहा मिनिटांत चालत खात्यात. मला तिथेच पोचायला पावणेदोन तास लागतात. दोन पिढ्यांत आम्ही एवढी मजल मारली. आजोबासुद्धा ‘दोन वर्षं काढतो आणि येतो’ असंच सांगून बोटीत बसले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मग ते आले. आमच्या घराण्यात मुंबई खरोखर सोडलेला हा एकच माणूस, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. पागडीची ती खोली तेव्हा मिळेल त्या पैशात सोडली. तिची आजची किंमत आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. जेवताना तर नाहीच.

तर, पुढचं पथ्य. निर्णय कायम एखाद्या घटनेला बांधून ठेवा, आणि घटना नीट पारखून निवडा. ‘प्रमोशन झालं की’ वगैरे धोक्याचं आहे, प्रमोशन होऊ शकतं. मी मुंबई-गोवा महामार्ग निवडला. ‘रस्ता चौपदरी झाला की निघालोच, मग काय, कधीही ये-जा करता येईल.’ चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. आता मुलगी सातवीत आहे आणि वळणावळणावर ‘काम चालू, रस्ता बंद’चे फलक अजून ताजे आहेत. इतकी वर्षं साथ देणारं कारण नशिबानेच मिळतं. विदर्भाकडच्या मंडळींची मला खरोखर कीव येते. त्यांचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये चक्क पूर्ण झाला. आता ते बिचारे काय सांगत असतील?

संस्कृती हेही चांगलं कारण आहे. गावात नाटक नाही, चित्रं नाहीत, व्याख्यानं नाहीत. मुंबईत शिवाजी मंदिर आहे, यशवंत आहे, जहांगीर आहे. फक्त हे सगळं रविवारी असतं आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. त्यामुळे आम्ही संस्कृतीच्या सान्निध्यात राहतो, तिला त्रास देत नाही. समुद्राचंही तसंच. मागच्या वेळी पाहिला तेव्हा गावाहून मामा आले होते, त्यांना दाखवायला नेलं होतं. मामा मूळचे जयगडचे. अर्धा तास कठड्यावर बसले आणि म्हणाले, “बरा आहे. पण आमच्याकडे याला वासही येतो.”

पाण्याचा मुद्दा कुणी काढला तर मात्र ठाम राहा. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. यावरून एवढंच शिकायचं की धरणाच्या काठी घर असून उपयोग नाही, पाईपच्या दुसऱ्या टोकाला असावं. मी अर्थात त्या पाईपच्या टोकालाही नाही. आमचं पाणी उल्हास नदीचं. पण वादात हे सांगायची गरज नसते.

पुण्याचा पर्याय कुणी सुचवला तर त्याला हिंजवडीच्या चौकात एक संध्याकाळ गाडीत बसवून ठेवा. लोकल निदान हलते.

सगळ्यात मोठं संकट आलं होतं ते २०२० साली. ऑफिसने घरून काम करा म्हणून सांगितलं आणि आम्ही चार महिने गावी अडकलो. घरात रेंज नाही, पण सहाणेपाशी, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यापाशी, दोन दांड्या यायच्या. रोज सकाळी मी लॅपटॉप, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन सहाणेवर जाऊन बसायचो. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, “मागे कोंबडा ओरडतोय का?” मी म्हटलं, “नाही सर, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.” काम दुपारी दोनला संपायचं. हा मुद्दा फाईलमध्ये कुठेही नोंदवलेला नाही. नोंदवलंय ते एवढंच, की आईचा ताप दोन दिवस उतरेना तेव्हा डॉक्टर मिळवायला देवरुख गाठावं लागलं, आणि वाडीत बत्तीस घरांपैकी एकोणीस घरांना कुलूप होतं. हे दोन्ही खरं आहे. कुलपांपैकी एक एरवी आमच्या माडीला असतं, हेही खरं आहे.

मुलांच्या शिक्षणाचं कारण मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते अमर आहे. शाळा संपली की कॉलेज, कॉलेज संपलं की नोकरी, मग नातवंडांची शाळा. आमच्या मुलीला गेल्या वर्षी शाळेत ‘माझे गाव’ या विषयावर निबंध होता. तिने लिहिलं, माझे गाव बदलापूर, गावात नदी आहे, मागे डोंगर आहेत, स्टेशनबाहेर जांभळं मिळतात. मी तिला समजावलं की बाळा, हे आपलं गाव नव्हे, आपलं गाव ते, काका-आजोबा असतात ते. तिने विचारलं, “मग इथे आपण काय करतो?”

“थांबलोय,” मी म्हटलं.

तिने खोडरबर मागितला नाही. निबंधाला दहापैकी आठ मिळाले.

खरोखर गेलेल्या माणसांशी कसं वागावं, हेही शिकून घ्या. माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक जण तीन वर्षांपूर्वी राजीनामा देऊन कोल्हापूरला गेला. अशा माणसाला ‘कसा आहेस?’ असं विचारायचं नाही, तो सांगेल. ‘कंटाळा येत नाही?’ असं विचारायचं. ‘नाही’ म्हणाला तर बिचारा मनाची समजूत घालतोय असं ऑफिसात सांगायचं. परवा संध्याकाळी सहा दहाला त्याचा व्हॉइस मेसेज आला. मी दादरला, जिन्यावर, गर्दीत वरच्या पायरीवर एक पाय आणि खालच्या पायरीवर एक पाय अशा अवस्थेत. त्याला काही विशेष सांगायचं नव्हतं. पण मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. सहा वाजून दहा मिनिटांनी हा माणूस स्वतःच्या घरी कुकरच्या शिट्ट्या ऐकत होता. मी मेसेज तिथेच बंद केला. तिसरी शिट्टी ऐकायची माझी हिंमत झाली नाही.

अशा वेळी मी २७ जुलै २०१९ आठवतो. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर माणसांना बाहेर काढावं लागलं. कुठे अडकली? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. मुंबई सोडून निघालेला माणूस फार तर माझ्या घरापर्यंत पोचतो, याचा याहून सज्जड पुरावा दुसरा नाही.

काकांचा मात्र अशा पुराव्यांवर विश्वास नाही. मोहोर यायच्या दिवसांत त्यांचा फोन येतो. “तू ये नाहीतर नको येऊ. पण कलमांची फवारणी कुणी करायची, तेवढं सांग. मला आता झाडावर चढवत नाही.” मी सांगतो, गणपतीत येतोय, तेव्हा बसून बोलू. गणपतीत कलमांना मोहोर नसतो, त्यामुळे विषय निघत नाही.

यंदाही निघालोय. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. सात बावन्नची लोकल, चौथी सीट, म्हणजे अर्धा मी सीटवर आणि अर्धा हवेत. डब्यात निम्मी माणसं मोबाईल उघडून आठ वाजायची वाट बघत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आठ वाजून दोन मिनिटांनी एकदम सगळ्यांनी श्वास सोडला. “किती?” समोरच्याने विचारलं. “एकशे सत्याऐंशी वेटिंग. तुमचं?” “दोनशे बारा.” त्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

परतीचं आरक्षण आठवड्याने उघडलं. ते पहिल्या झटक्यात कन्फर्म झालं. एस फोर, खिडकी.